देव न मानणाऱ्यालाही तुकारामांचं विमान का पटतं?

प्रभातच्या ‘संत तुकाराम’चा शेवट मराठी माणसाला सांगावा लागत नाही. आकाशातून विमान येतं आणि तुकाराम त्यात बसून वैकुंठाला जातात. दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली केलेलं हे ट्रिक फोटोग्राफीचं काम आज एखादं पोर मोबाइलवरही करून दाखवेल. तरी मुंबईत हा सिनेमा वर्षाहून अधिक काळ चालला आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. आजही तो मनापासून आवडणाऱ्यांत नेमानं वारी करणारे आहेत, देवळाची पायरी कधी न चढलेले आहेत आणि तुकारामांचा खून झाला असावा असं मानणारेही आहेत. विमान दिसलं म्हणून यातला कुणी उठून गेला असं होत नाही.

आता १९७२ सालचं पुणे घ्या. ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर येतं. त्यात कुणी उडत नाही, चमत्कार होत नाही. एक सत्ताधारी बाईच्या नादी लागतो आणि स्वतःच्या सोयीसाठी एका माणसाला मोठा करून शेवटी लोकांच्या हवाली करतो, एवढंच घडतं. जगाच्या इतिहासात असं शेकड्यांनी घडलेलं आहे. तरीही ‘हे शक्यच नाही’ अशी हाकाटी झाली आणि १९ प्रयोगांनंतर ते नाटक करणाऱ्या संस्थेनंच ते थांबवलं.

म्हणजे माणूस सदेह वैकुंठाला गेला हे चालतं आणि नाना फडणवीस बायकांच्या मागे लागले हे चालत नाही. हा प्रेक्षकांचा ढोंगीपणा आहे असं म्हणून मोकळं होता येईल. पण आपल्या धारणा, म्हणजे श्रद्धा, राजकीय मतं, जातीची आणि घराची शिकवण, चांगल्या-वाईटाच्या कल्पना, या कलेचा आस्वाद घेताना नेमक्या कुठे आड येतात आणि कुठे मदतीला येतात, ते या दोन उदाहरणांत फार चांगलं दिसतं. म्हणून जरा सावकाश पाहू.

पहिला प्रश्न शक्याशक्यतेचा. इंग्रज कवी कोलरिज यानं १८१७ मध्ये म्हटलं होतं की कविता वाचताना वाचक आपला अविश्वास काही काळ राजीखुशीनं बाजूला ठेवतो. हे वाक्य पुढे इतकं वापरलं गेलं की गुळगुळीत झालं. आपल्याकडे त्याच्याही आठशे वर्षं आधी काश्मीरच्या अभिनवगुप्तानं भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना हाच विषय अधिक बारकाईनं हाताळला आहे. प्रेक्षकाला रस का मिळत नाही, याची सात कारणं तो देतो आणि त्यांना विघ्नं म्हणतो. त्यातलं पहिलंच ‘संभावनाविरह’. समोर चाललंय ते घडू शकतं असंच ज्याला वाटत नाही, त्याचं मन त्यात शिरणार कसं?

यावर त्यानं दिलेला उपाय मला फार हुशारीचा वाटतो. साध्या माणसांची गोष्ट असेल तर अडचणच नाही, आपल्याही मनात तसंच काहीतरी होत असतं. पण लोकविलक्षण पराक्रम दाखवायचे असतील तर नायक रामासारखा प्रख्यात घ्या, असं तो सांगतो. कारण त्या नावाभोवती पिढ्यान् पिढ्यांचा विश्वास आधीच साचलेला असतो. नाटककाराला तो नव्यानं निर्माण करावा लागत नाही. समुद्र ओलांडणारा माणूस कुणी पटवून घेणार नाही, समुद्रावर सेतू बांधणारा राम मात्र सहज पटतो.

दामले-फत्तेलाल यांच्याकडे हा साठा आयताच होता. तुकाराम बीज दरवर्षी साजरी होते, गाथा घराघरांत आहे. नास्तिक माणूससुद्धा या गोष्टीच्या हवेतच वाढलेला असतो. त्याचा विमानावर विश्वास नसतो, पण विमानाची गोष्ट त्याच्या ओळखीची असते, आणि तेवढं पुरतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कलेत जे लागतं ते ‘हे खरंच झालं’ असं मत नव्हे. गोष्टीपुरतं तसं धरून चालण्याची तयारी लागते. श्रद्धाळू आणि नास्तिक दोघांकडेही ती असू शकते, फक्त श्रद्धाळू आणखी पुढे जातो. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा लोक थिएटरात चपला काढून बसत, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळत. त्यांच्यासाठी ते सिनेमा पाहणं आणि दर्शन घेणं एकाच वेळी चाललेलं होतं. त्याला अडाणीपणा म्हणून हसणाऱ्यांनी स्वतःला विचारावं की आवडत्या नटाच्या एंट्रीला शिट्टी ते कशासाठी वाजवतात.

पण ‘संत तुकाराम’ केवळ साचलेल्या श्रद्धेवर उभा असता तर तो व्हेनिसपर्यंत पोचला नसता. त्यात जिजाई आहे. मूल आजारी पडल्यावर ही बाई पायातली वहाण हातात घेते आणि तरातरा विठोबाच्या देवळात जाते. नवरा भजनात, घरात दाणा नाही, आणि जाब विचारायचा तो कुणाला? त्या काळ्या देवाला. जिजाईचं काम करणाऱ्या गौरीचं ते चालणं, तो आवाज, पोराला ओढत नेणं यात कुठेही ‘संतपट’ नाही. शेवटी तुकाराम वैकुंठाला चल म्हणतात तेव्हाही ती घरच्या कामात असते आणि जात नाही. ज्याला देव पटत नाही त्याला उभं राहायला सिनेमानं ही जागा करून दिली आहे. तो जिजाईच्या बाजूनं सगळा सिनेमा पाहतो आणि तिच्या डोळ्यांनीच शेवटचं विमान पाहतो. दिग्दर्शकांनी हे ठरवून केलं की सहज झालं, ते सोडा. पण वेगवेगळ्या धारणांच्या लोकांना एकाच सिनेमात वेगवेगळ्या दारांनी आत येता आलं, ते या बाईमुळे.

आता नानांकडे वळण्याआधी एक छोटा प्रयोग. अमेरिकन तत्त्वज्ञ केंडल वॉल्टन यानं १९९४ मध्ये एका लेखात दिलेलं उदाहरण आहे. समजा, गोष्टीत वाक्य आलं की अमुक बाईनं आपल्या बाळाला मारलं. आपण हळहळतो, पण गोष्टीत तसं झालं हे मान्य करतो. पुढचं वाक्य असं आलं की तिनं योग्यच केलं, कारण ती मुलगी होती. इथे आपण थांबतो. गोष्ट लेखकाची आहे, त्यानं राक्षस आणला तरी आपण घेतो, माणूस उडवला तरी घेतो. पण ‘योग्यच केलं’ हे त्यानं शंभरदा लिहिलं तरी आपण घेत नाही. लगेच म्हणतो, असं त्या निवेदकाला वाटतंय. कल्पनाशक्ती कमी पडते असं नाही. ती नकार देते.

हीच गोष्ट अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनं अभिरुचीवरच्या १७५७ सालच्या निबंधात मांडली होती. जुन्या कवींच्या देवदेवता, त्यांच्या विश्वाबद्दलच्या चुकीच्या समजुती यांना तो खुशाल माफ करतो. त्यांनी काव्याला फारसा उणेपणा येत नाही. पण दुष्ट वागणं दाखवलंय आणि ते दुष्ट आहे याची जाणीव कवीला नाही, अशा ठिकाणी मी त्या भावनेत शिरू शकत नाही आणि शिरणं बरोबरही नाही, असं तो म्हणतो. म्हणजे जग कसं चालतं याविषयीच्या धारणा आपण सहज बाजूला ठेवतो. काय चांगलं, काय वाईट याविषयीच्या ठेवता ठेवत नाहीत.

जुने सिनेमे आज बघवत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. नायिका ‘नाही’ म्हणतेय, नायक तिचा पिच्छा सोडत नाही, मागे गाणं वाजतंय. कॅमेरा जुना झाला, आवाज खरखरतो, ते सगळं चालवून घेता येतं. पण हा माणूस गोड आहे असं सिनेमा गृहीत धरतो आणि आपल्याला तो गोड वाटत नाही. तेव्हाच्या प्रेक्षकाला आणि आपल्याला पडद्यावर दिसतं तेच, फक्त मधल्या काळात आपली चांगल्या-वाईटाची मोजमापं बदलली.

‘घाशीराम’मध्ये मात्र ह्यूमचा मुद्दाही पुरत नाही. नाटक काही नानांचं वागणं चांगलं म्हणत नव्हतं. उलट ते वाईटच म्हणत होतं, आणि तीच तक्रार होती. इथे अभिनवगुप्ताचं दुसरं विघ्न कामाला येतं. रंगमंचावरचं सुखदुःख ‘हे माझंच’ किंवा ‘हे त्या अमक्याचं’ असं एका ठिकाणी बांधून टाकलं की रस आटतो, असं तो म्हणतो. समोरचा राग, लोभ, वासना या कुणा एकाच्या न राहता साऱ्यांच्या झाल्या पाहिजेत. त्यासाठी त्यानं सांगितलेली साधनंही मोठी मासलेवाईक आहेत. आधी पूर्वरंग करा, नटाचं मूळ रूप झाकणारी वेशभूषा करा, विशिष्ट भाषा आणि चालणं वापरा. थोडक्यात, हे रोजचं जग नाही याची खूण पदोपदी ठेवा.

नाटककार विजय तेंडुलकर आणि दिग्दर्शक जब्बार पटेल यांच्या ‘घाशीराम’मध्ये तर या खुणांची रेलचेल होती. ओळीनं उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांची एक माणसांची भिंत आहे. ती झुलते, गाते, नाचते. झाकायचं तेव्हा पाठ फिरवते, दाखवायचं तेव्हा फाकते, आणि हीच माणसं मधूनच पुण्याचे रहिवासी होतात. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कीर्तन, लावणी, खेळ्यांची रीत. इतिहासाचं पुस्तक वाचून दाखवतोय असा भास होण्याची सोयच नव्हती. एवढी अंतराची तटबंदी असूनही पुण्यातल्या एका वर्गाला समोर दिसले ते ‘आपले’ नाना आणि ‘आपण’.

विरोधकांना नाटक कळलंच नाही, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्यांना ते नीट कळलं होतं, त्यांचा प्रश्नच निराळा होता. मुत्सद्दी म्हणून ज्याचं नाव शाळेपासून ऐकलं, ज्याच्या शहाणपणाशी स्वतःच्या समाजाची इभ्रत जोडली, त्याच्याबद्दल हे नाटक साक्ष देतंय आणि ती खोटी आहे, अशा नजरेनं ते पाहत होते. साक्षीला सौंदर्य नसतं. ती खरी असते किंवा खोटी. १९८० साली नाटक युरोपला निघालं तेव्हा प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि हा इतिहास नाही, खरे नाना थोर मुत्सद्दी होते अशा आशयाचं निवेदन प्रयोगाआधी वाचायचं ठरलं. जर्मन प्रेक्षकाला नाना कोण हेच माहीत नव्हतं. त्याला दिसली सत्ता आणि सत्तेनं वापरून फेकलेला माणूस, आणि माणसांच्या भिंतीची ती अजब कल्पना.

मग जर्मन प्रेक्षकाचा आस्वाद शुद्ध होता का? तसंही नाही. त्यानं हुकूमशाही भोगलेल्या देशाच्या आठवणी घेऊनच ते पाहिलं असणार. त्याशिवाय भिंतीतल्या ब्राह्मणांच्या झुलण्यातला पुणेरी तिरकसपणा, बावनखणीच्या, म्हणजे पेशवाईतल्या कलावंतिणींच्या वस्तीच्या, उल्लेखातली चावटी त्याच्या हाती लागली नाही ती नाहीच. आणि इथे महाराष्ट्रातही नाटक डोक्यावर घेणारे सगळे कलेचे शुद्ध उपासक नव्हते. पेशवाईचं वाभाडं निघतंय म्हणून टाळ्या पिटणारेही होते. त्यांच्याही धारणाच टाळ्या वाजवत होत्या. पण त्यांना कुणी ‘तुम्हाला नाटक कळलं नाही’ असं म्हटलं नाही.

धारणा केवळ मत बनवताना मधे येत नाहीत, बघतानाच येतात. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांत फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. पुढे दोन मानसशास्त्रज्ञांनी त्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितलं. डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे नियमभंग डार्टमथच्या पोरांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले. फिल्म एकच. १९५४ साली छापून आलेला हा अभ्यास अजून सांगितला जातो, कारण यात कुणी खोटं बोलत नव्हतं.

विनोदात तर फारच गंमत होते. सत्तरच्या दशकात अमेरिकेत आर्ची बंकर नावाच्या, वंशद्वेषानं भरलेल्या माणसाची एक टीव्ही मालिका गाजली. त्याला हास्यास्पद करून द्वेषाची हवा काढावी, हा लेखकांचा हेतू. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं की ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्ची आवडत होता, आणि वादात तोच जिंकतो असंही त्यांना वाटत होतं. सगळे एकाच जागी हसत होते, कशाला हसताहेत ते वेगळं होतं. आपल्याकडच्या उपहासिका लिहिणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

आणखी एक प्रसंग नायजेरियाचा. लॉरा बोहानन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या तिव लोकांना ‘हॅम्लेट’ची गोष्ट सांगितली. शेक्सपिअर सगळ्या माणसांना सारखाच कळतो असं त्यांना वाटत होतं. राजा मेल्यावर त्याच्या भावानं राणीशी लग्न केलं, इथे इंग्रज प्रेक्षक अस्वस्थ होतो. तिव म्हातारे म्हणाले, बरोबर केलं, आमच्यातही असंच करतात. मेलेल्या बापाचं भूत? मेलेला माणूस चालत नाही, ही चेटक्यानं पाठवलेली खूण असणार. गोष्ट संपेस्तोवर त्यांनी ती आपल्या तर्कानं इतकी चोख बसवली की बाईंनाच सांगितलं, तुमच्याकडच्या आणखी गोष्टी सांगा, त्यांचा खरा अर्थ आम्ही तुम्हाला शिकवू. १९६६ साली छापून आलेला हा लेख अतिशय हसवतो. पण तिवांना गोष्ट आवडली होती, हे विसरू नये. त्यांनी ती उत्साहानं ऐकली. त्यांच्या धारणांनी गोष्ट बिघडवली नाही, त्या धारणांवरच ती त्यांच्यापुरती उभी राहिली.

म्हणून ‘पूर्वग्रह सोडून कला बघा’ हा सल्ला मला अर्धाच खरा वाटतो. सगळं सोडल्यावर बघणार कोण? संस्कृत साहित्यशास्त्रात यावर एक रोकठोक वचन आहे, विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात ते येतं. ज्यांच्या मनात वासना, म्हणजे आधीच्या अनुभवांचे ठसे नाहीत, ते नाट्यगृहातल्या लाकडासारखे, भिंतीसारखे, दगडासारखे. ठसे हवेतच. पण प्रत्येकावरचे ठसे वेगळे असतात, तिथून पुढची सगळी भांडणं.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त डुक्कर पकडण्याचा जो लांबलचक प्रसंग आहे, तो या दृष्टीनं पाहण्यासारखा आहे. हलक्या समजलेल्या जातीतल्या जब्या या शाळकरी पोराच्या घरच्यांना गावातली डुकरं धरायला लावलंय. जब्याची आवडती मुलगी, वर्गातली पोरं, गावातले रिकामटेकडे, सगळे जमून तमाशा बघताहेत. तो तोंड लपवत आडोसा शोधतो, बाप ओरडतो. कुटुंब डुकरामागे धावतंय, पडतंय, धडपडतंय. एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निवांत निघून जातं.

या दृश्यात विनोद आहे, आणि तो दिग्दर्शकानं मुद्दाम ठेवलाय. हसू येतं. पडद्यावरचा गावही हसतोय. मग आपण कुणाबरोबर हसतोय, हे कधी लक्षात येतं, आणि येतं की नाही, हे प्रेक्षक कुठून आलाय त्यावर ठरतं. ज्यानं शाळेत असं नाव ठेवून घेतलंय, त्याला पहिल्या मिनिटापासून हसू येत नाही. त्याला त्या आडोशाची जागा माहीत असते. ज्याला हे नवं आहे तो आधी हसतो आणि मग जब्याचा चेहरा पाहून गप्प होतो. तिसरा एक प्रेक्षक आहे. ‘आता कुठे राहिलीय जात, उगाच वाढवून दाखवलंय’ असं तो बाहेर येऊन म्हणतो. अभिनवगुप्ताचं पहिलं विघ्न ते हेच. घडू शकतं असंच वाटत नाही. आणि बहुतेक वेळा याच माणसाला विमानाची काही अडचण नसते.

पटण्या-न पटण्याचा पदार्थविज्ञानाशी संबंध नाही तो असा. विमान खरं मानल्यानं किंवा न मानल्यानं आपल्या रोजच्या जगण्यातलं काही हलत नाही. डुक्कर धरणारं कुटुंब खरं मानलं तर आपलं गाव, आपली शाळा, आपले वाडवडील, आपण स्वतः तेव्हा काय करत होतो, हे सगळं नव्यानं पाहावं लागतं. मन तिथे कचरतं आणि कचरलेलं मन ‘सिनेमा अतिरंजित आहे’ असा कलेचा शेरा मारतं. नानांच्या बाबतीतही हेच झालं होतं.

आणखी एक धारणा असते ती खुद्द कलेबद्दलची, आणि तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. ‘संत तुकाराम’मधलं ‘आधी बीज एकले’ कित्येकांना तुकारामांचाच अभंग वाटला. गाथेत शोधूनही तो सापडला नाही, कारण तो लिहिला होता शांताराम आठवले यांनी, सिनेमासाठी, आणि चाल केशवराव भोळ्यांची. हे कळल्यावर गाणं बदलतं का? शब्द तेच, सूर तेच. तरी काही जणांच्या मनातून ते पायरीभर खाली उतरतं, आणि काही जणांना आठवल्यांबद्दलचा आदर दुणावतो. तुकारामांचं म्हणून ऐकलेल्या ओळीत आपण चारशे वर्षांची तपश्चर्या ऐकत असतो, आणि ती आपणच तिथे ठेवलेली असते.

तज्ज्ञ यातून सुटतात असं समजायचं कारण नाही. हॉलंडमध्ये हान व्हान मेगरेन यानं सतराव्या शतकातला थोर डच चित्रकार व्हर्मेर याच्या नावावर खपवलेलं एक धार्मिक चित्र १९३७ मध्ये नामांकित जाणकारानं अस्सल ठरवलं आणि ते रॉटरडॅमच्या संग्रहालयात गेलं. व्हर्मेरनं अशी धार्मिक चित्रं काढली असणार असा जाणकारांचा कयास होताच. बनावट चित्रकारानं नेमकी तीच फट भरून दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर एक ‘व्हर्मेर’ नाझी नेता गोअरिंगकडे सापडला आणि राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकल्याचा आळ आला, तेव्हा या पठ्ठ्यानं ते आपणच रंगवलं असल्याचं कबूल केलं. आज ती चित्रं पाहिली की फसले कसे असा प्रश्न पडतो. कारण आज आपल्याला ती खोटी असल्याचं माहीत आहे.

आपल्याकडे अशी एक धारणा आहे की रडवतं ते हलकं. ‘माहेरची साडी’ (१९९१) तुफान चालला, बायका पदर डोळ्याला लावून बाहेर येत होत्या, आणि शहाणी मंडळी नाक मुरडत होती. त्या सिनेमातलं सोसणाऱ्या सुनेचं कौतुक मलाही पचत नाही. पण तो पाहून रडणाऱ्या सगळ्याजणी ते सोसणं थोर मानून रडत होत्या, असं कुणी सांगितलं? सासरी चाललेलं पडद्यावर कुणीतरी मोठ्यानं म्हटलं, एवढ्यानंही हुंदका फुटू शकतो. नाक मुरडणाऱ्यांनी सिनेमा पाहिला त्याहून जास्त त्याचा प्रेक्षक पाहिला.

या सगळ्यात सर्वांत फसवी असते ती आपल्या मनासारखी निघालेली कलाकृती. दुखावलं की धारणा ठणकते, लगेच कळते. सुखावलं की तिचा आवाजच होत नाही, आपण म्हणतो ‘काय दिग्दर्शन आहे!’ गेली काही वर्षं ऐतिहासिक सिनेमांची लाट आहे. महाराजांचं नाव उच्चारलं की थिएटरात घोषणा होतात. अभिनवगुप्तानं प्रख्यात नायकाचा उपाय सांगितला तो प्रेक्षकाला आत आणण्यासाठी, आत आल्यावरचं काम नाटककारानंच करायचं होतं. पण घोषणेची भावना प्रेक्षक घरून घेऊन आलेला असताना पटकथा कच्ची राहिली, संवाद नुसते ओरडून म्हटले, तरी खपून जातं. आणि एखाद्यानं ‘लढाईचं दृश्य जमलं नाही’ म्हटलं की ते महाराजांवरचं बोलणं समजलं जातं.

यासाठी मी एक साधी युक्ती वापरतो. सिनेमा तसाच ठेवायचा, फक्त बाजू बदलायची. हाच संवाद, हेच संगीत, हीच संथ गती, पण नायक मला न आवडणाऱ्या पक्षाचा, पंथाचा, प्रांताचा. तरी हे दृश्य मला धरून ठेवेल का? खलनायकाला एवढंच उथळ रंगवलेलं मला चालेल का? कधी उत्तर सुखावणारं येतं. बरेचदा नाही येत. ही युक्ती सगळीकडे चालत नाही हेही खरं. ‘फँड्री’त बाजू बदलता येत नाही, कारण तिथे दोन बाजूंची ताकदच सारखी नाही. ती तशी नाही, हाच सिनेमाचा विषय आहे.

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’चं. १९१५ चा हा सिनेमा कू क्लक्स क्लान या काळ्यांवर अत्याचार करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेला तारणहार ठरवतो. तेव्हाच त्याच्याविरुद्ध निदर्शनं झाली आणि त्याच वर्षी ती संघटना पुन्हा उभी राहिली. शेवटी क्लानच्या घोडेस्वारांची दौड आणि संकटातली माणसं यांची दृश्यं आलटूनपालटून जोडत ग्रिफिथ वेग वाढवत नेतो. घोडेस्वारांचा मनापासून तिटकारा असलेल्या प्रेक्षकालाही तेवढ्यापुरतं वाटून जातं की हे लवकर पोचावेत. संकलनाची ही जोडणी धारणेच्याही खालून वार करते. ‘मला जे पटत नाही त्याचा माझ्यावर परिणाम होत नाही’ असं समजणाऱ्यानं ती दहा मिनिटं एकदा पाहावीत आणि आपला श्वास कधी भरभर चालायला लागला ते तपासावं.